गोळी हळूहळू कमी करतेय, अर्ध्यावर आलेय आणि आता त्रास वाढलाय

निशिगंध | २६ जुलै २०२५, रात्री ११:४०

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचते आहे, लिहायचा धीर आज झाला.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय ४७, नोकरी वाशीला. २०१८ मध्ये बाबा आजारी होते, तेव्हा ट्रान्स हार्बरच्या गाडीत मला घबराटीचे झटके यायला लागले. ऐरोली ते रबाळे एवढ्या एका स्टेशनात जीव जातोय असं वाटायचं. तेव्हाच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही घबराट शमवणारी गोळी लिहून दिली, दोन आठवड्यांसाठी. ते दोन आठवडे कधी संपले हे ना त्यांनी विचारलं, ना मी. जुनीच चिठ्ठी दाखवत राहिले, गोळी मिळत राहिली. बाबा गेले, झटके थांबले, गोळी तेवढी राहिली. होता होता सकाळी ०.५ आणि रात्री ०.५, म्हणजे दिवसाला १ मिलिग्रॅम.

गेल्या वर्षी मे महिन्यात चिपळूणला लग्नाला गेले आणि गोळ्यांचं पाकीट घरी विसरले. मला त्याचं काहीच वाटलं नाही, चार दिवसांचा तर प्रश्न. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की अक्षता मुठीतून सांडल्या. मांडवातले दिवे डोळ्यांत घुसत होते, पायाखालची जमीन होडीसारखी डुलत होती. घरचे म्हणाले, ऊन लागलं. तिथल्या एका डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "रोजची कुठली गोळी बंद झालीय का?" त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. आकडी येऊ शकली असती, असं ते म्हणाले.

ठाण्यात परत आल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी काही आठवडे घेऊन अल्प्राझोलामवरून त्याच गटातल्या क्लोनाझेपामवर आणलं. संक्रांतीनंतर कपात सुरू केली. दर तीन आठवड्यांनी ०.२५ च्या गोळीचा एक चतकोर, म्हणजे ०.०६२५ मिलिग्रॅम कमी. मध्ये एकदा ताप आला म्हणून थांबलो. ५ जुलैला ०.५ वर पोचले, म्हणजे बरोबर निम्म्यावर.

पहिल्या पाच कपाती मला जवळजवळ कळल्याही नाहीत. आणि आता? पहाटे तीनला जाग येते ती येतेच. पोटऱ्यांत बारीक बारीक उडतं. दात आवळले जातात. कानात शिट्टी. कुकरची शिट्टी झाली की अंगावर काटा येतो. तीन हात नाक्याला मेट्रोच्या कामाचा आवाज सहन होत नाही म्हणून मी रिक्षा लांबून घ्यायला सांगते.

डॉक्टरांची वेळ ४ ऑगस्टची आहे, त्यांना फोन केला आहे. तोवर ०.५ वरच राहा म्हणाले. पण मला ज्यांनी हे भोगलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. हा त्रास कशाने हलका होतो? आणि जी जुनी घबराट होती तीच परत आली असेल, तर मी हे सगळं उगाच करतेय का?

---

पारसिक_पायथा | २७ जुलै, सकाळी ६:१५

ताई, पहिल्यांदा सांगतो की ही वाट संपते. मी अशाच दोन गोळ्या घेत होतो, एटिझोलाम आणि झोल्पिडेम, पाच वर्षं. सोडायला चौदा महिने लागले. आता दीड वर्ष झालं.

तुम्ही लिहिलंय त्यातलं पोटरीतलं उडणं, कानातली शिट्टी, आवाजाचा त्रास, हे तुमच्या २०१८ च्या झटक्यांत होतं का? नसेल तर त्यात तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. माझ्या डॉक्टरांनी मला हेच विचारलं होतं. जुना आजार परतला तर तो आपल्या जुन्या चेहऱ्याने येतो. गोळी कमी केल्याचा त्रास नवीन नवीन सोंगं आणतो, कपातीनंतर ठरावीक दिवसांनी येतो, आणि थांबलं की हळूहळू ओसरतो.

एक वही करा. तारीख, डोस, झोप किती, त्रास दहापैकी किती, एवढंच. एका ओळीपेक्षा जास्त लिहू नका, नाहीतर दिवसभर स्वतःच्या शरीराकडेच कान लावून बसाल. मी आधी तेच केलं आणि त्रास दुप्पट झाला. महिन्याने वही पाहिली तर दिसलं की वाईट दिवस लाटेसारखे येतात, आणि दोन लाटांमधलं अंतर वाढत चाललंय. लाटेत असताना हे कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं मानावं लागलं.

---

घोडबंदर_सकाळ | २७ जुलै, सकाळी ८:०२

माझं मत स्पष्ट सांगतो. अशा गोळ्या मनाच्या निग्रहाने एका फटक्यात सोडाव्यात. मला ऑपरेशननंतर झोपेची गोळी दिली होती, घरी आल्यावर एके दिवशी सरळ कचऱ्यात टाकली. दोन रात्री झोप नव्हती, तिसऱ्या रात्री आली. चतकोर चतकोर करत बसलं की मन गोळीतच अडकून राहतं.

---

पारसिक_पायथा | २७ जुलै, सकाळी ८:२०

दादा, किती दिवस घेतली होती गोळी?

---

घोडबंदर_सकाळ | २७ जुलै, सकाळी ८:३१

दहा-बारा दिवस.

---

उपवन_काठ | २७ जुलै, दुपारी १:१०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे कोणाचाही डोस ठरवणार नाही, ते तपासल्याशिवाय करता येत नाही. पण वरचा सल्ला वाचून गप्प बसणं मला शक्य नाही.

घोडबंदर_सकाळ, दहा-बारा दिवस आणि सात वर्षं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते मज्जापेशींची धावपळ शांत करतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांच्या गटातल्या, म्हणजे बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. बाहेरून रोज अशी मदत येत राहिली की मेंदू आपली स्वतःची शांत करण्याची तजवीज आवरती घेतो. मदत अचानक तोडली तर ती तजवीज जागेवर नसते, आणि सगळ्या पेशी एकदम उसळतात. घाम, थरथर, धडधड, आकडी, भ्रम. यात निग्रह कमी पडला असं काही नसतं. रोज औषध घेणाऱ्याने एका फटक्यात थांबवलं तर जीव जाऊ शकतो, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण गटाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा छापायला लावला, त्यात शारीरिक अवलंबित्व आणि अचानक थांबवल्याने होणारा धोका हे दोन्ही आहेत.

निशिगंधताई, तुमच्या डॉक्टरांनी क्लोनाझेपामवर का आणलं ते सांगते. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा तासांत निम्म्यावर येतं. सकाळी घेतलेली गोळी संध्याकाळी उतरायला लागते, आणि माणसाला दोन डोसांच्या मध्येच बेचैनी जाणवते. क्लोनाझेपामला निम्म्यावर यायला ३० ते ४० तास लागतात. त्यामुळे चढउतार कमी. पण याची दुसरी बाजू अशी की कपात केल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला आठवडाभर जातो. पहिले तीन-चार दिवस छान वाटतं, माणूस म्हणतो जमलं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्रास सुरू होतो. तेव्हा तो कशाचा हे कळतही नाही.

---

निशिगंध | २७ जुलै, दुपारी २:२५

डॉक्टर, अगदी असंच झालं! ५ तारखेला कपात, ९ पर्यंत मी ठणठणीत. आषाढी झाली, गुरुपौर्णिमा झाली आणि मग कोसळले. मला वाटलं ऑफिसातल्या ऑडिटमुळे असेल.

पारसिकदादा, नाही, २०१८ मध्ये कानात शिट्टी नव्हती. पोटऱ्यांचं तर अजिबातच नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

---

चरईचा_औषधवाला | २७ जुलै, रात्री १०:५०

दुकान बंद करून आत्ता बसलोय. ताई, तुमचा हिशेब मी कागदावर मांडला, तो आधी बघा.

तुम्ही दरवेळी एकच चतकोर काढता, ०.०६२५. पण १ मिलिग्रॅमवरून तो काढला तेव्हा ती सव्वासहा टक्के कपात होती. ५ जुलैची कपात ०.५६२५ वरून झाली, म्हणजे अकरा टक्के. पुढची ०.५ वरून केलीत तर साडेबारा. आणि ०.२५ वरून तोच चतकोर काढाल तेव्हा पंचवीस टक्के! हातातला तुकडा तेवढाच दिसतो, पण शरीराला तो दरवेळी मोठा लागतो. पहिल्या पाच कपाती कळल्या नाहीत आणि आता कळतायत, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता दुकानात रोज दिसणाऱ्या काही गोष्टी. सुरीने चतकोर नीट होत नाहीत. गोळी कापायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या चतकोर करताना भुगा होतात, त्यामुळे साधी गोळी बरी. एसआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी कधीही कापायची नाही, ती कापली की सगळं औषध एकदम सुटतं. आणि पाकिटाच्या मागे काय काय लिहिलंय ते वाचा, कारण जोडगोळ्या फार चालतात आपल्याकडे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असतं. ती अर्धी केली की नैराश्याचं औषधही अर्धं होतं, आणि दोन्हींचा त्रास एकत्र सुरू होतो. डॉक्टरांना दोन वेगळ्या गोळ्या लिहून द्यायला सांगा.

एक गोष्ट तर बहुतेकांच्या गावीही नसते. पोटाच्या मुरड्यासाठी, गॅससाठी क्लिडिनियमची जी गोळी देतात त्यात क्लोरडायझेपॉक्साइड असतं. हेही याच कुळातलं, किंबहुना या कुळातलं बाजारात आलेलं पहिलं औषध, १९६० सालचं. माझ्याकडे एक आजोबा येतात, ते म्हणायचे मी झोपेची गोळी कधी घेत नाही. पोटाची मात्र सहा वर्षं घेत होते.

---

मोगऱ्याचा_वेल | २८ जुलै, सकाळी ११:३०

ताई, खूप धीराची आहेस. मी अश्वगंधा चूर्ण आणि रात्री दुधात जायफळ उगाळून घेते, छान झोप लागते. गोळीऐवजी हे करून बघ ना. आयुर्वेदिक आहे, त्रास होणार नाही.

---

उपवन_काठ | २८ जुलै, दुपारी १:४५

मोगऱ्याचा_वेल, तुमची कळकळ कळते. पण गोळीऐवजी म्हणू नका. क्लोनाझेपामची जागा यातलं काहीच घेत नाही, आकडी टाळत नाही. उलट गुंगी आणणारी वनस्पती गोळीबरोबर घेतली तर गुंगी वाढते. जायफळ चिमूटभर श्रीखंडात ठीक, जास्त प्रमाणात ते विषारी आहे. धडधड, उलट्या, भास होतात. अश्वगंधा घेत असाल तर आपल्या डॉक्टरांना सांगा. लपवू नका, एवढंच.

हाच नियम दारूला, आणि जास्त कडक. "गोळी कमी केलीय, मग रात्री एक पेग घेतो" असं सांगणारे पेशंट मी पाहते. दारू मेंदूत जवळजवळ त्याच जागी काम करते. दोन्ही एकत्र झाली तर श्वास मंदावतो, आणि एक सोडून दुसरी लागते ते वेगळंच.

आणखी एक, जे माझ्या अनुभवात नेहमी निसटतं. कपात चालू असताना दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तर हे सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढू शकते. टीबीचं रिफाम्पिसिन ती उतरवतं, म्हणजे तुम्ही न करताच कपात होते.

---

कळवा_लोकल | २९ जुलै, रात्री ९:२०

मी स्वतः नाही, माझ्या बायकोने लोराझेपाम सोडलं. अकरा महिने लागले. घरातल्या माणसाने काय करावं हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

मी सुरुवातीला चुकलो. रोज संध्याकाळी विचारायचो, आज कसं वाटतंय? एकदा ती रडत म्हणाली, तू विचारलंस की मला परत सगळं तपासावं लागतं. मग विचारणं बंद केलं. त्याऐवजी कामं घेतली. कुकर मी लावायचो, तोही ती अंघोळीला गेली की. घरातल्या ट्यूबलाइट काढून पिवळे दिवे लावले. आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत रविवारी दोघांनी मिळून भरायच्या, म्हणजे "घेतली की नाही" हा घोळ नाही आणि वाईट रात्री एक जादा घ्यायचा मोहही नाही. मुलाला सांगितलं की आई चिडली तर ती तुझ्यावर चिडलेली नाही.

पहाटे तीनला तिला जाग आली की मीही उठायचो. फार बोलायचो नाही. खारेगावात आमच्या गॅलरीतून रेल्वे लाइन दिसते. दोघं मालगाडीचे डबे मोजत बसायचो.

---

निशिगंध | २९ जुलै, रात्री ११:०५

तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, उठून स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट बंद करून आले.

---

ऐरोली_पूल | ३१ जुलै, दुपारी ३:४०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारते. सासूबाई ७४ वर्षांच्या, नायट्राझेपाम ही झोपेची गोळी घेतात बारा-तेरा वर्षं. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना पडल्या. मनगटावर निभावलं. विसरायलाही लागल्या आहेत, आणि सगळे म्हणतात वय झालं. गोळीचा विषय काढला की त्या म्हणतात, "आता या वयात कशाला छळता मला?" या वयात कमी करणं खरंच शक्य असतं का?

---

उपवन_काठ | ३१ जुलै, रात्री ९:५५

असतं. आणि म्हातारपणात त्याची गरज जास्त असते, कारण शरीरातून औषध बाहेर पडायला वेळ लागतो. रात्रीच्या गोळीची झिंग सकाळीही असते. पडणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरणं, यांचा या गोळ्यांशी संबंध नीट नोंदलेला आहे. सासूबाईंचं विसरणं गोळीमुळेच असेल असं मी म्हणणार नाही, पण गोळी कमी केल्याशिवाय ते कळणारही नाही.

कॅनडातल्या एका अभ्यासाचं मला फार कौतुक आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ च्या पुढच्या, वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या लोकांच्या हातात नुसती एक पुस्तिका दिली. गोळीचे धोके साध्या भाषेत, आणि टप्प्याटप्प्याने कमी करायचं चित्रांचं वेळापत्रक. सहा महिन्यांनी त्यातल्या २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात हा आकडा ५ टक्के. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगितलं तर ती ऐकतात. आपण त्यांच्या हातातून गोळी काढून घ्यायला जातो, म्हणून ती घट्ट धरतात. सासूबाईंना निर्णयात घ्या. "बंद करायची" हा शब्द वापरू नका. "थोडी कमी करून बघू या, नाही झेपली तर थांबू" म्हणा, आणि खरंच थांबा.

---

ऐरोली_पूल | ३१ जुलै, रात्री १०:३०

कुठे दाखवावं? खासगीचा खर्च सध्या झेपणारा नाही.

---

चरईचा_औषधवाला | ३१ जुलै, रात्री ११:१५

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे ना, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. १९०१ पासूनचं रुग्णालय. नावाला घाबरू नका. लोक अजून त्या फाटकातून आत जायला लाजतात, त्याचं मला वाईट वाटतं. माझ्या स्वतःच्या मावशीला मी तिथे घेऊन गेलो होतो. आणि १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. कुठे जायचं तेही सांगतात.

पाकीट आणि चिठ्ठी दोन्ही न्या बरोबर. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही सगळी २०१४ पासून सरकारच्या कडक नियमांच्या एच-१ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या वहीत पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध, किती दिलं हे लिहायचं, वही तीन वर्षं ठेवायची. सगळीकडे हे पाळलं जात नाही, हे मला माझ्या धंद्यातला माणूस म्हणून कबूल करावं लागतं. निशिगंधताईंना जुन्या चिठ्ठीवर सहा-सात वर्षं गोळी देणारा कोणी माझ्यासारखाच काउंटरमागे उभा होता. वाचून झोप लागली नाही मला त्या रात्री.

---

निशिगंध | ५ ऑगस्ट, रात्री ९:३०

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. चरईच्या दादांचा हिशेब कागदावर लिहून नेला होता. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

ठरलं ते असं. आत्ता कपात नाही. कुठल्याही परिस्थितीत वर जायचं नाही असा हट्ट नको, पण सध्या वर जायची गरज त्यांना वाटत नाही. ०.५ वर थांबायचं, आणि किती थांबायचं तर अनंत चतुर्दशी होईपर्यंत! मी हसले, तर ते गंभीर होते. म्हणाले, १६ ला दहीहंडी, २७ पासून गणपती, ठाण्यात राहून त्या तीन आठवड्यांत आवाजाने त्रासलेल्या माणसाची कपात करणार नाही मी. अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने याच वर्षी इतर संस्थांबरोबर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती त्यांनी दाखवली. सुरुवातीला ५ ते १० टक्के, तेही दर दोन ते चार आठवड्यांनी. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक सहसा नाही. आणि माणूस बघून वेग ठरवा, थांबा, असं त्यात स्पष्ट आहे.

झोपेसाठी नवी गोळी दिली नाही. सकाळी सहाला उठायचं, झोप झाली असो वा नसो. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर पलंगावरून उठायचं, बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. दुपारची झोप बंद. दुपारी दोननंतर चहा बंद. हे शेवटचं मला सगळ्यात जड जाणार आहे. शिवाय समुपदेशकांकडे झोपेसाठीची वर्तनोपचाराची सहा सत्रं. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल देता येतं, पण मला लहानपणापासून दमा, त्यामुळे ते नाही.

एक कागद फ्रिजवर लावायला दिला. आकडी, नसलेली माणसं दिसणं, वेळकाळाचं भान जाणं, किंवा जीव नकोसा होणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता रुग्णालय, १०८ ला फोन.

---

घोडबंदर_सकाळ | ६ ऑगस्ट, सकाळी ७:४०

माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो. काल धाकट्या भावाशी बोललो. तो तीन वर्षं क्लोनाझेपाम घेतोय हे मला माहीतच नव्हतं. मी इथे लिहिलेलं त्याला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं, तो माझं सगळं ऐकतो. शनिवारी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जातोय.

---

पारसिक_पायथा | ६ ऑगस्ट, सकाळी ७:५५

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

निशिगंध | १७ ऑगस्ट, सकाळी १०:१०

काल हंडी. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच स्पीकरची भिंत असते. मागच्या वर्षीपर्यंत मी खिडकीत उभी राहून थर बघायची. काल सकाळी नऊलाच आम्ही घर सोडलं आणि नेरुळला बहिणीकडे गेलो. संध्याकाळी तिथल्या खाडीकाठी चाललो, तासभर. पाण्याचा आवाज चालतो मला, हे नव्याने कळलं.

वहीत बघितलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्रास दहापैकी सात-आठ. या आठवड्यात चार, पाच, चार, तीन.

---

ऐरोली_पूल | ९ सप्टेंबर, दुपारी ४:२०

सासूबाईंची पहिली कपात झाली. त्यांनी स्वतः कॅलेंडरवर खूण केली. डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, सगळं त्यांनाच विचारलं. येताना रिक्षात मला म्हणाल्या, "पहिल्यांदा कोणी मला विचारलं."

---

निशिगंध | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

सप्टेंबरच्या मध्यात डॉक्टरांनी नवीन वाट काढली. क्लोनाझेपामचे चतकोराहून लहान तुकडे होत नाहीत, म्हणून दोन-तीन टप्प्यांत डायझेपामवर आणलं. ०.५ क्लोनाझेपामला साधारण १० मिलिग्रॅम डायझेपाम धरतात, माणसागणिक कमीजास्त. डायझेपामची २ मिलिग्रॅमची गोळी मिळते. तिची अर्धी म्हणजे १, आणि चतकोर म्हणजे ०.५. दहातून ०.५ काढलं तर पाचच टक्के. पूर्वी जो चतकोर मला पाडायचा, तोच आता कळत नाही. बदलताना पहिला आठवडा गुंगी फार होती, स्कूटर चालवू नका म्हणाले होते, मी ठाणे स्टेशनला बसने जात होते.

आज ८.५ वर आहे. पोटऱ्या शांत आहेत. कानातली शिट्टी आहे अजून, रात्री जास्त. पहाटेची जाग आठवड्यातून दोनदा. दिवाळीत फटाक्यांच्या चार दिवसांत परत थांबलो होतो, तेव्हा एक मोठी लाट आली. कळवा_लोकल यांची आठवण काढून आम्ही दोघं गॅलरीत बसलो. आमच्याकडे मालगाडी दिसत नाही, समोरच्या इमारतीत कुठल्या मजल्यावर दिवा आहे ते मोजलं.

परवा एका काकूंनी विचारलं, "इतका त्रास होतो तर घेत राहा की, कोणाला दिसतंय?" मला दिसतंय. या सात वर्षांतल्या कित्येक गोष्टी मला धड आठवत नाहीत. बाबांचे शेवटचे महिने मी त्यांच्याजवळ होते, आणि तरी ते काचेपलीकडून पाहिल्यासारखे आठवतात. ऑक्टोबरमध्ये एकदा रबाळ्याच्या पुढे गाडीत उभी असताना अचानक त्यांचा खोकला आठवला, आवाजासकट, आणि मला रडू आलं. चांगलं वाटलं रडून.

पुढची कपात ७ डिसेंबरला होती. त्याच आठवड्यात भाचीचं लग्न आहे, परत चिपळूणलाच, म्हणून डॉक्टरांनी ती १४ वर ढकलली. गोळ्या दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. थोड्या माझ्या पर्समध्ये, थोड्या ह्यांच्या बॅगेत, आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये.